ऐकलेले ज्ञान आणि केलेले आचरण

धर्माची माहिती मिळत नाही, अशी तक्रार आजच्या मुस्लिम कुटुंबाला करता येणार नाही. कुरआनचे मराठी भाषांतर उपलब्ध आहे. शुक्रवारी खुतबा ऐकायला मिळतो, गावोगावी इज्तिमे भरतात, रमजानमध्ये तफसीरचे वर्ग चालतात. मोबाईलवर तर उर्दू, हिंदी आणि मराठी बयानांचा दिवसरात्र ओघ सुरू असतो. स्वयंपाक करताना, प्रवासात, झोपण्यापूर्वी आपण ते ऐकतो. आवडले की ‘सुब्हानल्लाह’ म्हणतो आणि दहा जणांना पाठवतो. ज्ञानाची ही गोडी अल्लाहची देणगीच आहे आणि तिच्याबद्दल त्याचे आभार मानले पाहिजेत.

परंतु येथेच एक प्रश्न स्वतःला विचारला पाहिजे. गेल्या वर्षभरात ऐकलेल्या शेकडो तासांपैकी कोणत्या एका गोष्टीने आपल्या घरातील एखादी चुकीची रीत थांबली? कोणते देणे फेडले गेले? कोणाचा अडकलेला हक्क त्याच्या हाती पडला? याचे उत्तर शोधण्यासाठी आठवणीला फार ताण द्यावा लागत असेल, तर आपण ज्ञान मिळवत आहोत की केवळ ऐकण्याची सवय जोपासत आहोत, हे तपासण्याची वेळ आली आहे. इल्म आणि अमल, म्हणजे ज्ञान आणि आचरण, यांचा परस्परसंबंध हाच या पाठाचा विषय आहे.

ज्ञान ही जबाबदारी आहे

प्रत्येक नमाजमध्ये आपण सूरह फातिहा पढतो. तीत सरळ मार्गाची याचना केल्यानंतर आपण दोन प्रकारच्या लोकांच्या वाटेपासून दूर ठेवण्याची प्रार्थना करतो. एक, ज्यांच्यावर प्रकोप झाला ते. दुसरे, जे वाट चुकले ते. अनेक भाष्यकारांनी याचा खुलासा असा केला आहे की, पहिल्यांना सत्य ठाऊक होते, पण ते त्याप्रमाणे वागले नाहीत; दुसरे ज्ञानाविनाच चालत राहिले. जाणून न करणे आणि न जाणता करणे, या दोन्ही खड्ड्यांपासून वाचवण्याची विनंती आपण केवळ फर्ज नमाजमध्ये दिवसातून सतरा वेळा करतो.

सूरह जुमुआच्या पाचव्या आयतीत अल्लाहने एक दृष्टांत दिला आहे. ज्यांच्यावर तौरातचा भार सोपवला गेला, पण ज्यांनी तो पेलला नाही, त्यांची तुलना पाठीवर ग्रंथ वाहणाऱ्या गाढवाशी केली आहे. त्या जनावराला ओझ्याचे वजन कळते. त्या ओझ्यात काय लिहिले आहे याचा त्याच्या चालीवर काहीही परिणाम होत नाही. हा दृष्टांत एका पूर्वीच्या ग्रंथधारक समुदायाविषयी आहे, असे म्हणून पुढे जाणे सोपे आहे. परंतु ही सूरह जुमाच्या नावाची आहे, आणि तिच्याच अखेरीस जुमाच्या अजानबरोबर व्यवहार सोडून अल्लाहच्या स्मरणाकडे धावण्याची आज्ञा श्रद्धावंतांना दिली आहे. दर शुक्रवारी खुतबा ऐकून उठणाऱ्याने हा आरसा स्वतःसमोर धरावा, हे त्यातून सहज उमगते.

सूरह सफच्या अवतरणाविषयी हजरत अब्दुल्लाह बिन सलाम (रजि.) यांची हदीस तिर्मिजीत आहे. काही सहाबा बसून बोलत होते की, अल्लाहला सर्वांत प्रिय कर्म कोणते हे समजले, तर आपण तेच करू. त्यावर ही सूरह उतरली. तिच्या आरंभीच, जे करत नाही ते बोलता का, असा श्रद्धावंतांना थेट प्रश्न आहे, आणि असे वागणे अल्लाहच्या दृष्टीने अत्यंत नापसंत असल्याचे सांगितले आहे. ‘सर्वश्रेष्ठ कर्म कोणते’ ही जिज्ञासा उत्तम आहे. परंतु तिला उत्तर मिळाले की, त्याबरोबर जबाबदारीही येते.

या जबाबदारीचा हिशेब कसा होईल, हे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी स्पष्ट केले आहे. तिर्मिजीतील प्रसिद्ध हदीसनुसार, कयामतच्या दिवशी मनुष्याला जागचे हलण्यापूर्वी आयुष्य, ज्ञान, संपत्ती आणि शरीर यांविषयी विचारले जाईल. संपत्तीविषयी ती कोठून मिळवली आणि कोठे खर्च केली हे विचारले जाईल. ज्ञानाविषयीचा प्रश्न मात्र वेगळा आहे. किती मिळवले असा तो नसून, त्याप्रमाणे काय केले असा आहे. म्हणजे ऐकलेले प्रत्येक बयान आपल्या बाजूचा किंवा आपल्या विरुद्धचा एक पुरावा होऊन राहते. सहीह मुस्लिममध्ये हजरत जैद बिन अर्कम (रजि.) यांनी सांगितलेल्या दुआत प्रेषितांनी (स.) लाभ न देणाऱ्या ज्ञानापासून अल्लाहचा आश्रय मागितला आहे, याचे मर्म येथे कळते.

दहा आयतींची पद्धत

सहाबांनी ज्ञान कसे घेतले, हे पाहिले की आपल्या आणि त्यांच्या शिकण्यातील अंतर लक्षात येते. ताबिईंपैकी कुरआनचे प्रसिद्ध शिक्षक अबू अब्दुर्रहमान सुलमी यांनी आपल्या गुरुजनांची रीत सांगून ठेवली आहे. हजरत उस्मान (रजि.) आणि हजरत अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांच्यासारखे सहाबा प्रेषितांकडून (स.) दहा आयती शिकत, आणि त्यांतील ज्ञान व आचरण दोन्ही आत्मसात केल्याशिवाय पुढील आयतींकडे जात नसत. मुवत्ता इमाम मालिकमध्ये नोंद आहे की, हजरत अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांनी सूरह बकरह शिकण्यास आठ वर्षे दिली. अरबी ही त्यांची मातृभाषा होती. २८६ आयती पाठ करण्यास त्यांना आठ वर्षे लागण्याचे कारण नव्हते. ती वर्षे त्या आयतींप्रमाणे जगायला शिकण्यात गेली, असेच विद्वानांनी यातून समजून घेतले आहे.

कुरआनच्या अवतरणाची रीतही हीच होती. सुमारे २३ वर्षांत तो थोडाथोडा उतरला. संपूर्ण कुरआन एकाच वेळी का उतरवला नाही, असा आक्षेप विरोधकांनी घेतला, तेव्हा याद्वारे प्रेषितांचे (स.) हृदय दृढ केले जात असल्याचे उत्तर सूरह फुरकानमध्ये (२५:३२) देण्यात आले. एक आज्ञा येई, लोक तिच्याप्रमाणे चालू लागत, मग दुसरी येई. मद्यनिषेधाची घोषणा झाली, तेव्हा हजरत अनस (रजि.) हे हजरत अबू तल्हा (रजि.) यांच्या घरी पाहुण्यांना मद्य देत होते. बाहेरून पुकारा ऐकू येताच अबू तल्हांनी ते ओतून टाकण्यास सांगितले आणि मदीनेच्या गल्ल्यांतून मद्य वाहिले. हा प्रसंग बुखारीत आहे. ‘हा पेला संपवू, उद्यापासून सोडू’ असे तेथे कोणी म्हटले नाही.

याहून शांत, पण तितकेच बोलके उदाहरण सहीह मुस्लिममध्ये आहे. दिवसरात्रीत बारा रकअत नफ्ल नमाज पढणाऱ्यासाठी जन्नतमध्ये घर बांधले जाते, ही हदीस उम्मुल मोमिनीन हजरत उम्मे हबीबा (रजि.) यांनी सांगितली आणि त्यासोबत म्हटले की, हे ऐकल्यापासून मी त्या रकअती कधी सोडल्या नाहीत. त्यांच्याकडून ही हदीस ऐकणारे अंबसा, त्यांच्याकडून ऐकणारे अम्र बिन औस आणि त्यांच्याकडून ऐकणारे नोमान बिन सालिम, या प्रत्येकाने हदीससोबत हीच ग्वाही जोडली. शब्दांची साखळी आणि आचरणाची साखळी एकत्रच पुढे गेली. आपण एखादी हदीस दुसऱ्याला पाठवतो, तेव्हा तिच्यासोबत हे वाक्य जोडता येईल का, एवढा एकच विचार मनात आणला, तर पाठवण्याची घाई आपोआप कमी होईल.

पाऊल कोठे अडते?

इच्छा असूनही ज्ञानाचे आचरण का होत नाही? याची काही कारणे आपल्या नित्य अनुभवातील आहेत.

पहिले कारण म्हणजे ऐकण्याचे समाधान. प्रभावी बयान ऐकताना डोळे पाणावतात, मन हलके होते. हे हलकेपण म्हणजेच सुधारणा झाली, असा भास नफ्स निर्माण करतो. दानधर्मावर तासभर ऐकलेला माणूस, काही दिलेले नसतानाही, दिल्याचे समाधान घेऊन झोपतो. डोळ्यांतील अश्रू मौल्यवान आहेत यात शंका नाही. पण ते पेरणीपूर्वीच्या पावसासारखे आहेत. पाऊस पडून गेला आणि शेतकरी घरीच बसला, तर शेतात तणच माजते.

दुसरे कारण म्हणजे प्रश्नांची न संपणारी मालिका. सूरह बकरहमध्ये (२:६७-७१) बनी इस्राईलला एक गाय जबह करण्याची आज्ञा झाल्याचा वृत्तांत आहे. आज्ञा साधी होती. त्यांनी विचारले, ती कशी असावी? उत्तर मिळाले, मग तिचा रंग विचारला. तेही सांगितले; तरी अजून नेमके कळत नाही, असे म्हणाले. प्रत्येक प्रश्नागणिक अटी वाढत गेल्या. अखेरीस त्यांनी ती जबह केली. पण ते करतील असे वाटत नव्हते, असा शेरा कुरआनने मारला आहे. येथे प्रश्न ज्ञानासाठी नव्हते, टाळण्यासाठी होते. आपल्याकडेही जकात देण्याची वेळ आली की मतभेदांची चर्चा रंगते, आणि ती संपेपर्यंत वर्ष उलटून जाते.

तिसरे कारण म्हणजे उपदेश नेहमी दुसऱ्यासाठी ऐकणे. खुतब्यात निंदेचा विषय निघाला की शेजारी आठवतो, आईवडिलांच्या सेवेचा निघाला की भावजय आठवते. इतरांना नेकी सांगता आणि ग्रंथ वाचत असूनही स्वतःला विसरता, या अर्थाची सूरह बकरहची ४४वी आयत याच दुखण्यावर बोट ठेवते. एक आयत का होईना, माझ्याकडून पोहोचवा, या प्रेषितांच्या (स.) आदेशाचा आधार घेऊन आपण संदेश पुढे पाठवत राहतो. मात्र बुखारीतील त्याच हदीसच्या अखेरीस, प्रेषितांवर जाणूनबुजून खोटे लादणाऱ्याचे ठिकाण जहन्नम असल्याचा इशारा आहे, हे विसरले जाते. ऐकलेली प्रत्येक गोष्ट सांगत सुटणे हेच मनुष्याच्या खोटेपणास पुरेसे आहे, अशा अर्थाची हदीसही सहीह मुस्लिमच्या प्रस्तावनेत आहे.

चौथे कारण सर्वांत खोल आहे. ज्या आज्ञेला खर्च नाही, ती आपण आनंदाने पाळतो. जिच्यामुळे जमीन, पैसा किंवा प्रतिष्ठा सोडावी लागते, तेथे ज्ञान दारातच थांबते. म्हणून ज्ञानाचा खरा कस अशाच एखाद्या आज्ञेवर लागतो. त्यातील एक विषय आपल्या घरांत सर्वांना ठाऊक आहे आणि बहुतेक ठिकाणी तो टाळलाही जातो. तो विषय म्हणजे वारशातील बहिणीचा वाटा.

कसोटी : बहिणीचा वाटा

हजरत सअद बिन रबी (रजि.) हे मदीनेचे अन्सारी सहाबी होते. हिजरतनंतर प्रेषितांनी (स.) त्यांचे आणि हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांचे बंधुत्व जोडून दिले, तेव्हा आपल्या मालमत्तेचा अर्धा भाग मक्केहून आलेल्या या भावाला देऊ करणारे ते हेच सअद. हिजरी सन ३ मध्ये उहुदच्या युद्धात ते शहीद झाले. त्यानंतर जे घडले ते तिर्मिजी आणि अबू दाऊद यांच्या संग्रहांत आहे. त्यांची विधवा आपल्या दोन मुलींना घेऊन प्रेषितांकडे (स.) आली आणि म्हणाली की, मुलींच्या चुलत्याने सर्व मालमत्ता ताब्यात घेतली आहे, यांच्यासाठी काहीच ठेवले नाही आणि संपत्तीविना यांचे विवाह होणार नाहीत. प्रेषितांनी (स.) अल्लाह याचा निर्णय देईल असे सांगितले. मग वारशाची आयत उतरली. प्रेषितांनी (स.) चुलत्याला कळवले की, मुलींना दोन तृतीयांश द्या, त्यांच्या आईला आठवा हिस्सा द्या, उरेल ते तुमचे. मालमत्तेचे २४ भाग धरले, तर १६ मुलींना, ३ आईला आणि केवळ ५ चुलत्याला, असा हा निवाडा होता. कालपर्यंत सर्वस्व ज्याच्या हाती होते, त्याच्याकडून एका आयतीने २४ पैकी १९ भाग काढून घेतले.

सूरह निसाच्या ज्या आयतींनी (४:११-१२) हे वाटप ठरवले, त्यांना लागूनच असलेल्या दोन आयतींत या अल्लाहच्या मर्यादा असल्याचे सांगून, पाळणाऱ्यांना जन्नतची शुभवार्ता आणि ओलांडणाऱ्यांना आगीचा इशारा दिला आहे. नमाजच्या रकअतींची संख्या कुरआनात तपशिलाने आलेली नाही. वारशाचे अपूर्णांक मात्र आले आहेत. यावरून या विषयाचे महत्त्व ओळखावे.

आता आपल्या घरांकडे पाहू. एक साधा हिशेब घ्या. एका गृहस्थाचे निधन झाले. मागे पत्नी, दोन मुलगे आणि एक मुलगी आहे. आईवडील आधीच वारलेले आहेत. सर्वप्रथम कफन-दफनाचा खर्च निघेल. मग कर्ज फेडले जाईल, आणि पत्नीचा मेहर दिलेला नसेल तर तोही कर्जातच मोजला जाईल. त्यानंतर वसीयत असेल तर ती उरलेल्या मालमत्तेच्या एक तृतीयांशापर्यंत पूर्ण केली जाईल. मात्र वारसदाराच्या नावे केलेली वसीयत इतर वारसांच्या संमतीशिवाय लागू होत नाही. हे सर्व वजा जाता ४० लाख रुपयांची मालमत्ता उरली असे धरू. पत्नीचा आठवा हिस्सा ५ लाख. उरलेल्या ३५ लाखांचे पाच भाग होतील, कारण मुलाला मुलीच्या दुप्पट मिळते. प्रत्येक मुलाला १४ लाख आणि मुलीला ७ लाख. हा हिशेब करण्यास पाच मिनिटेही लागत नाहीत. अमलात यायला मात्र कित्येकदा दोन पिढ्या जातात.

कारण मधल्या काळात हक्कसोडपत्राचा कागद पुढे येतो. वारस नोंदीसाठी सही हवी, असे सांगून बहिणीला माहेरी बोलावले जाते. तिला जेवू घालतात, साडी देतात आणि कागद पुढे ठेवतात. ती विचार करते की, सही नाकारली तर माहेर तुटेल, ईदला कोणी बोलावणार नाही, उद्या सासरी काही झाले तर पाठीशी कोण उभे राहील? ती सही करते, आणि ‘बहिणीने आनंदाने सोडले’ असे गावात सांगितले जाते. धाकापोटी किंवा लाजेपोटी दिलेली ही संमती शरीयतच्या दृष्टीने खरी संमती ठरत नाही. मनापासूनची संमती ओळखण्याचा मार्ग उलेमांनी सांगितला आहे. तिचा वाटा आधी मोजून तिच्या ताब्यात द्यावा. मग तिने आपल्या मर्जीने त्यातील काही भावाला दिले, तर ते देणे. जे हाती आलेच नाही, ते सोडल्याचा कागद कसला?

यावर नेहमी सांगितली जाणारी कारणे तपासली, तर ती टिकत नाहीत. ‘तिच्या लग्नात खर्च झाला’ असे म्हणतात. पण तो खर्च वडिलांनी हयातीत केला. वारसा हा मृत्यूनंतरचा हक्क आहे, आणि खर्च तर मुलांच्या शिक्षणावर व लग्नावरही झाला. ‘आम्ही दर ईदला तिला कपडे पाठवतो’ असे म्हणतात. ते नातेसंबंधाचे कर्तव्य आहे, हप्त्याने फेडलेला वाटा नाही. ‘जमिनीचे तुकडे होतील’ असे म्हणतात. मग तिच्या हिश्श्याची बाजारभावाने किंमत ठरवून ती लेखी कबूल करावी आणि मुदतीने द्यावी. ही वाट खुली आहे. ‘तिने कधी मागितले नाही’ असे म्हणतात. हिस्सा अल्लाहने ठरवला आहे, तो मागण्यावर अवलंबून नाही. न मागणाऱ्याचा हक्क अधिक जपावा लागतो.

ज्या घरात हा वाटा अडकलेला आहे, त्या घरात वारशाच्या आयतींची तिलावत होते, तफसीर ऐकली जाते, ‘इस्लामने चौदाशे वर्षांपूर्वी स्त्रीला संपत्तीत हक्क दिला’ हे वाक्य अभिमानाने इतर धर्मीयांना सांगितले जाते. ते वाक्य खरे आहे. पण ते ऐकणाऱ्याने ‘तुमच्या बहिणीला मिळाला का?’ असे विचारले, तर काय उत्तर द्यायचे? ज्ञानाविषयीचा कयामतचा प्रश्न हाच आहे. तो तेथे विचारला जाण्यापूर्वी येथे सोडवता येतो.

आजपासून काय करावे?

आचरणाची सुरुवात मोठ्या संकल्पाने करण्याची गरज नाही. अल्लाहला ते कर्म सर्वाधिक प्रिय आहे, जे थोडे असले तरी सातत्याने केले जाते, ही बुखारी आणि मुस्लिममधील हदीस सर्वांना परिचित आहे. तिच्या प्रकाशात पुढील गोष्टी प्रत्येक कुटुंबाला जमण्यासारख्या आहेत.

घरातील तालीम छोटी ठेवा, पण ती कृतीवर संपवा. आठवड्यातून एकदा मगरिब किंवा इशानंतर पंधरा मिनिटे सर्वांनी बसावे. एक आयत किंवा एक हदीस अर्थासह वाचावी. नंतर एकच प्रश्न विचारावा : यातील कोणती गोष्ट आपण पुढील आठवड्यापर्यंत करणार? उत्तर वहीत लिहावे. पुढच्या बैठकीत नवी हदीस उघडण्यापूर्वी आधी वही उघडावी. ते झाले नसेल तर तीच हदीस पुन्हा वाचावी. दहा आयतींच्या पद्धतीचे हे लहानसे रूप आहे. मुलांनाही यातून कळते की, धर्म केवळ ऐकण्याचा विषय नाही.

देण्याघेण्याची नोंद करा. कुरआनची सर्वांत दीर्घ आयत (२:२८२) उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. ज्याच्यापाशी वसीयत करण्यासारखे काही आहे, त्याने ती लिहून न ठेवता दोन रात्रीही घालवू नयेत, असे प्रेषितांनी (स.) सांगितले. हजरत अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) म्हणत की, हे ऐकल्यापासून माझी वसीयत जवळ नसताना माझी एकही रात्र गेली नाही. सूरह बकरहसाठी आठ वर्षे देणाऱ्या याच सहाबींना या आज्ञेच्या पालनास एक रात्रही लागली नाही. आज रात्री एका कागदावर लिहा : माझ्याकडे कोणाचे किती येणे आहे, माझे कोणाकडे किती आहे, कोणाची अमानत माझ्याजवळ आहे, पत्नीचा मेहर दिला आहे की बाकी आहे.

जकातची तारीख ठरवा. ज्या चांद्र तारखेस आपली संपत्ती निसाबइतकी, म्हणजे ६१२.३६ ग्रॅम चांदी किंवा ८७.४८ ग्रॅम सोन्याच्या प्रमाणात झाली, ती तारीख लिहून ठेवावी आणि दरवर्षी त्याच तारखेस हिशेब करून अडीच टक्के काढावे. वापरातील दागिन्यांविषयी मतभेद आहे. हनफी मतानुसार त्यांवर जकात आहे. शाफई मतात स्त्रीच्या नित्य वापरातील दागिन्यांवर ती नाही, आणि आपल्या कोकणातील पुष्कळ कुटुंबे शाफई आहेत. आपल्या मस्लकच्या विश्वासू आलिमांना एकदा विचारावे, उत्तर लिहून घ्यावे आणि हिशेबाला लागावे. दरवर्षी तोच प्रश्न नव्याने विचारणे म्हणजे पुन्हा गायीचा रंग विचारणे होय.

वडिलांच्या मालमत्तेचा कागद काढा. सातबारा, प्रॉपर्टी कार्ड, घरपट्टी जे असेल ते पाहा. निधन होऊन किती वर्षे झाली, वारस कोण, कोणाचा वाटा राहिला, हे भावंडांनी एकत्र बसून लिहावे आणि वाटणी आलिम व वकील दोघांकडून तपासून घ्यावी. एकरकमी देणे शक्य नसेल, तर पहिला हप्ता द्यावा. मोठ्या भावाने पुढाकार घेतला तर उत्तम. न घेतल्यास धाकट्याने निदान स्वतःकडील हिश्श्यातून बहिणीचे जे निघते ते द्यावे. इतरांनी दिले नाही, हा अल्लाहपुढे चालणारा बचाव नाही.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. आचरणावर भर देण्याचा अर्थ ज्ञान कमी लेखणे असा नाही. बुखारीत एका व्यक्तीचा प्रसंग आहे. ती व्यक्ती मस्जिदमध्ये घाईने नमाज पढून आली, तेव्हा प्रेषितांनी (स.) तिला परत जाऊन नमाज पढण्यास सांगितले, कारण ती नमाज झालीच नव्हती. असे तीन वेळा घडल्यावर त्या व्यक्तीने आपल्याला याहून चांगले येत नाही, शिकवावे, अशी विनंती केली आणि प्रेषितांनी (स.) रुकू, सजदा सर्व शांतपणे करण्यास शिकवले. चुकीची कृती पुन्हा पुन्हा केल्याने ती बरोबर होत नाही. त्यासाठी शिकावेच लागते. पण त्या व्यक्तीला खरी विद्या मिळाली, कारण ती नमाजला उभी राहिली होती. उभा राहणाऱ्यालाच आपले काय चुकते ते कळते. बसून ऐकणाऱ्याला आपले काहीच चुकत नाही असे वाटत राहते.

कुटुंबात चर्चेसाठी

१. गेल्या महिन्यात ऐकलेल्या किंवा वाचलेल्या गोष्टींपैकी आपण कोणती एक गोष्ट आचरणात आणली?
२. अशी कोणती आज्ञा आहे, जी आपल्याला पूर्ण ठाऊक आहे, पण खर्चाच्या किंवा लोकांच्या भीतीने आपण पुढे ढकलत आहोत?
३. आपल्या आजोबांच्या आणि वडिलांच्या मालमत्तेत आत्या व बहिणींचे वाटे दिले गेले आहेत का? नसल्यास ते देण्यासाठी पहिले पाऊल कोणते, आणि ते कोणत्या तारखेस उचलणार?

कयामत येऊन ठेपली आणि तुमच्यापैकी कोणाच्या हाती रोपटे असेल, तर जमल्यास त्याने ते लावून टाकावे, अशी शिकवण प्रेषितांनी (स.) दिली असल्याचे इमाम अहमद यांच्या मुस्नदमध्ये आले आहे. त्याची फळे कोण खाणार, हे तेथे विचारलेले नाही. आपल्या हाती आलेले ज्ञानही असेच रोपटे आहे. ते हातात धरून त्याची स्तुती करत राहिलो, तर ते सुकून जाईल. ज्याच्या अंगणात ते लावायचे, ती बहीण, तो सावकार, तो गरजू शेजारी आपल्या जवळच आहे.

हे अल्लाह! आम्हाला लाभदायक ज्ञान दे, जे ऐकले त्याप्रमाणे वागण्याचे बळ दे, आमच्या हातून कोणाचा हक्क अडला असेल तर तो या जगातच परत करण्याची सद्बुद्धी दे, आणि आमचे ज्ञान आमच्या विरुद्धचा पुरावा होऊ देऊ नकोस. आमीन.